उठल्याशिवाय टाळी नाही

माझ्या भावाच्या कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘कॉन्सर्ट पियानिस्ट’ असं छापलेलं आहे आणि त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या बारीक अक्षरांत ‘व शिक्षक’. घर चालायचं ते त्या बारीक अक्षरांवर. सोनेरी अक्षरं नातेवाइकांसाठी. तिकडे आमची आत्या येईल-जाईल त्याला सांगते, ‘‘आमचा बाळ्या परदेशात पियानोचे कार्यक्रम करतो हो!’’ करतो ना. रोज करतो. त्याचा तेव्हाचा दिवस असा: सकाळी नाचाच्या क्लासात पंधरा-वीस पोरी कठड्याला धरून पाय वर करतात, तेव्हा हा वाजवतो. बाई म्हणाल्या ‘पुन्हा’, की पुन्हा तेच वाजवतो. दुपारी संगीतशाळेत परीक्षेला बसलेल्या मुलांना साथ करतो. शनिवारी एका हॉटेलच्या लॉबीत बसतो. तिथे लोक पियानोवर ओल्या छत्र्या ठेवतात आणि ‘बाथरूम कुठंय हो?’ म्हणून यालाच विचारतात. आणि हा वाजवता वाजवता ‘सरळ जाऊन डावीकडे’ असं सांगतो. एक सूर न चुकता! ही कला काही सगळ्यांना जमत नाही.

मी त्याची थोरली बहीण. त्याचं लग्न मोडलं तेव्हा चार दिवस त्याच्या जेवणाखाण्याकडे बघावं म्हणून आले, ती इथलीच झाले. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पियानो होता स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, त्यामुळे कुठला विद्यार्थी कुठे अडखळणार ते मला भाजी चिरता चिरता आधीच कळायचं. आणि बाळ्या स्वतःसाठी वाजवायला बसला की माझा हात आपोआप थांबायचा. तो चांगला वाजवतो. हे मी बहीण म्हणून सांगत नाहीये. बहीण म्हणून सांगायचं तर तो आळशी आहे, हट्टी आहे आणि ओला टॉवेल गादीवर टाकतो.

आता साथ करणाऱ्याला टाळी कशी मिळते ते ऐका. व्हायोलिन वाजवणारी मुलगी वाजवून संपवते. टाळ्या. ती वाकते, पुन्हा वाकते, आईकडे बघून हसते, फुलं घेते. मग तिच्या लक्षात येतं, अरेच्चा, मागे कुणीतरी बसलेलं आहे. ती हात करते. त्यावर आमचे बंधुराज स्टुलावरून अर्धवट उठतात. अर्धवटच. पूर्ण उभं राहिलं तर तो आगाऊपणा होतो, असा इथला रिवाज. आणि तो अर्धा उठेपर्यंत लोक कोट चढवायला लागलेले असतात. वर्षानुवर्षं असं अर्धवट उठून अर्धवट बसून त्याच्या कमरेचे बारा वाजले. डॉक्टरने विचारलं, ‘‘तुम्ही ओझी वाहता का?’’ हा म्हणाला, ‘‘नाही, मी कलाकार आहे.’’ डॉक्टरने कमरेला बांधायला रुंद पट्टा दिला.

एकदा भांडी पुसता पुसता तो मला म्हणाला, ‘‘ताई, मला फार काही नकोय गं. एकदा, एकदाच, भरलेल्या हॉलने माझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. माझ्या एकट्यासाठी. आणि मी पूर्ण उभा राहीन.’’

एरवी मी त्याला सोडलं नसतं. जीभ वळवळतच होती. पण त्याचा चेहरा बघितला. मी आपली पातेलं पुसत राहिले.

टाळीसाठी एवढा आसुसलेला माणूस टाळीवरच बंदी घालेल, असं तुम्हाला वाटेल का? पण घातली. झालं असं, की घरच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम होता. एक चिमुरडी चार भागांचं काहीतरी वाजवत होती. पहिला भाग संपला आणि दोन भागांच्या मध्ये ती जरा श्वास घ्यायला थांबली, तर आईबापांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला, की पोरीला वाटलं झालं आपलं. ती उठली, वाकली आणि थेट केक खायला गेली. उरलेले तीन भाग तसेच राहिले. बाळ्या लालबुंद! त्याने तिथल्या तिथे नियम केला: वाजवणारा स्टुलावरून उठल्याशिवाय टाळी नाही. मग काय आलं मनात कोण जाणे, त्याने पालकांची तालीमच सुरू केली. पालकांना खुर्च्यांवर बसवायचं, स्वतः वाजवायचं, मध्येच थांबायचं, आणि कुणाचा हात हलतोय ते चष्म्यावरून बघायचं. एका मुलाची आई दातांची डॉक्टर होती. ती या पालकांची पुढारी झाली. ज्याचा हात हलला त्याच्याकडे ती अशी बघायची, की बिचारा तोंड सुद्धा मिटून घ्यायचा. सगळे पालक असे तयार झाले, की स्टूल रिकामं झाल्याशिवाय त्यांनी खोकलासुद्धा काढला नसता.

आणि मग तो फोन आला. संगीतशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये एका नावाजलेल्या पाहुण्या पियानिस्टचा कार्यक्रम होता. त्याचं बोट मोटारीच्या दारात चेंगरलं. शाळेचे संचालक फोनवर म्हणाले, ‘‘समीक्षक येणार आहेत, देणगीदार येणार आहेत, पियानोसमोर कुणीतरी बसायला हवं. तुम्ही त्या दिवशी मोकळे आहात ना?’’ अशा थाटात, जणू खुर्ची कमी पडली म्हणून शेजाऱ्याकडून मागताहेत. बाळ्याला त्याचं काय! फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला आणि मला मिठीच मारली. चष्मा माझ्या खांद्यावर घासून वाकडा झाला.

लोकांनी तिकिटं परत केली, हॉल अर्धा रिकामा. तो आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी भरला. मी स्वतः फोन करकरून बोलावलं सगळ्यांना. दातांची डॉक्टर तर नवरा, सासू आणि दवाखान्यातल्या दोन नर्स घेऊन आली. निघताना मी म्हटलं, ‘‘पट्टा बांध रे.’’ हा आरशासमोर वळून वळून बघत म्हणाला, ‘‘नको, कोटातून दिसतो. पोटावर काहीतरी बांधल्यासारखं वाटतं.’’ पन्नाशी उलटलेल्या माणसाला काय सांगायचं? पट्टा खुर्चीवरच राहिला.

वाजवलं मात्र त्याने असं, की काय सांगू. शेवटची रचना लांबलचक होती आणि तिचा शेवट अगदी हळू, हळू, ऐकू येईल न येईल असा. शेवटच्या सुराला त्याचे दोन्ही हात पियानोच्या पट्ट्यांवर टेकलेले, मान किंचित वर. सूर विरला. मला वाटलं, आता उठेल. उठेना. हात उचलेना. मान हलवेना. मी तिसऱ्या रांगेत होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. माझ्या लगेच लक्षात आलं. कंबर धरली! सकाळी मोरीत अशीच धरायची, तेव्हा मी गरम पाण्याची पिशवी घेऊन धावायची.

इकडे हॉलमध्ये आमचे पालक. स्टुलावरून उठल्याशिवाय टाळी नाही! सगळे हात मांडीवर ठेवून बसले, जणू फोटो काढायचाय. पुढच्या रांगेतल्या जाणत्या लोकांनी मागे वळून बघितलं. कुणीच टाळी वाजवत नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला काहीतरी कळलेलं नाही. त्यांनीही हात आवरले. शांतता वाढायला लागली. देणगीदारांतली एक बाई हुंदका देऊन रडली. समीक्षकाने पेन खाली ठेवलं. शेवटी दिवे सांभाळणाऱ्या माणसाला वाटलं, की असंच ठरलेलं असणार, म्हणून त्याने सावकाश अंधार केला. मी तशीच बाजूच्या दाराने आत धावले. मी आणि तो दिवेवाला, दोघांनी मिळून बाळ्याला स्टुलासकट उचललं आणि विंगेत आणलं. बसल्या आकारात, हात पुढे केलेले, तसाच्या तसा. दिवे लागले तेव्हा मंचावर नुसता पियानो. माणूस नाही, स्टूलही नाही. लोक चवड्यांवर चालत बाहेर गेले.

संचालक आत आले तेव्हा बाळ्या जमिनीवर पालथा पडलेला होता आणि मी त्याच्या कमरेला मलम चोळत होते. तो कण्हत होता. संचालक दारातच थबकले, डोळे पुसत मला म्हणाले, ‘‘नको, त्यांना उठवू नका. अजून ते संगीतातच आहेत.’’ आणि त्यांनी दार हलकेच लावून घेतलं. मलमाचा वास सगळ्या खोलीभर सुटला होता, पण भारावलेल्या माणसाला वास येत नसावा.

दुसऱ्या दिवशी पेपरात समीक्षकाचा लेख. ‘वेदनेच्या पलीकडे गेलेला तो चेहरा’ असं काहीसं. पलीकडे कसला, चांगला मध्यावर होता तो! पुढे लिहिलं होतं, की या कलावंताने आपल्याला टाळीच्या गुलामीतून सोडवलं, आपण ऐकतो कशासाठी हा प्रश्न विचारला आणि उत्तर न देता तो अदृश्य झाला. बाळ्या अंथरुणात पडून वाचत होता. त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, ‘‘ताई, टाळ्या वाजल्याच नाहीत ना गं?’’

‘‘नाही वाजल्या,’’ मी म्हटलं. ‘‘पण तू उठला कुठे होतास?’’

पुढे जे झालं त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. संगीतशाळेने त्याला कायमची नोकरी दिली. साथीची नाही, प्राध्यापकाची. शाळेच्याच इमारतीत राहायला जागा दिली, बरोब्बर संचालकांच्या घराखाली. नाचाचा क्लास सुटला, हॉटेल सुटलं. आणि शाळेत नवा विषय सुरू झाला: शेवटच्या सुरानंतर कसं बसावं. हसू नका. त्याची परीक्षा व्हायची. परीक्षक समोर बसायचे, विद्यार्थ्याने एक सूर वाजवायचा आणि मग गप्प राहायचं. त्या शांततेत किती खोली आहे, हे परीक्षक बघायचे. एक मुलगी शिंकली म्हणून नापास झाली, तर तिचे वडील भांडायला आले, की ती शिंक आतून आली होती. लांबलांबून माणसं शिकायला यायला लागली. त्यातल्या पुष्कळांना पियानो येत नव्हता. त्यांना हा विषय चांगला जमायचा.

नोकरीचं नुसतं ठरलं होतं, तेव्हाच मी बाळ्याला म्हटलं, ‘‘सांगून टाक रे बाबा खरं काय ते. कंबर धरली होती म्हणावं.’’

‘‘सांगतो ना. ऑर्डर हातात पडू दे.’’

ऑर्डर पडली. मग म्हणाला, ‘‘जरा रुळू दे.’’ रुळला. मग म्हणाला, ‘‘आता सांगितलं तर संचालकांची काय शोभा होईल, विचार कर.’’ पूर्वी त्याला स्वतःचीच काळजी असायची, आता वरच्यांचीही लागली. पद वाढलं की असं होत असावं.

पण मी त्याची बहीण आहे, मला दिसत होतं. त्याचे कार्यक्रम आता वरचेवर व्हायचे, हॉल खचाखच भरायचा आणि तिकिटावरच छापलेलं असायचं: कृपया टाळ्या वाजवू नयेत. हा वाजवायचा, हात पट्ट्यांवर ठेवून थांबायचा, दिवे जायचे, हा चाचपडत विंगेत यायचा. बाहेर पावलांचा सरसर आवाज. विंगेत तो दाराला कान लावून उभा राहायचा.  एकदा घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, ‘‘साथ करत होतो तेव्हा उरलीसुरली तरी मिळायची गं.’’ एवढंच म्हणाला आणि एक मोजा हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. मला अस्सं वाटलं, की त्या समीक्षकाला जाऊन दोन लगावाव्यात.

मग तो रविवार आला. दुपारचा कार्यक्रम. पहिल्या रांगेत संचालक, शेजारी समीक्षक, मागे दातांची डॉक्टर तिच्या सगळ्या फौजेसह. त्या दिवशी बाळ्याला काय झालं होतं कोण जाणे. त्याला अलीकडे सरावच नव्हता, गप्प बसण्याचे तास घेऊन बोटं जड झाली होती, असं तो स्वतःच कुरकुरत होता. पण त्या दुपारी तो असा वाजवायला लागला, जसा कधीतरी माझ्या भिंतीपलीकडे वाजवायचा, आपल्याला कुणी ऐकत नाहीये अशा समजुतीत. एका जागी चुकला, आणि चुकून पुढे असा गेला, की मला आमचं लहानपण आठवलं, तो पायरीवर पडायचा आणि गुडघा न बघता पळत सुटायचा तेव्हाचं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटचा सूर मोठा होता, दोन्ही हातांनी दणकन घेतलेला. तो विरला. हॉल गप्प. चारशे माणसं श्वास रोखून आपापली खोली दाखवत बसली होती, आणि मंचावर माझा भाऊ हात पट्ट्यांवर ठेवून, मान खाली घालून वाट बघत होता.

मला राहवलं नाही. मी टाळ्या वाजवल्या.

हळूबिळू नाही. उभी राहून, जोरजोरात, तळहात चुरचुरेपर्यंत. ‘‘वा रे बाळ्या!’’ असंही ओरडले. सगळा हॉल माझ्याकडे वळला. ‘शूऽऽ’ असा आवाज आधी एका कोपऱ्यातून आला, मग सगळीकडून. दातांच्या डॉक्टरने माझा कोट धरून खाली ओढलं. ‘‘ताई, तुम्ही सुद्धा? त्यांच्या घरच्या असून?’’ संचालकांनी मान वळवली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मागून दिसत होते. मी वाजवतच होते. मला फक्त मंचाकडे बघायचं होतं.

बाळ्याने मान वर केली. मी त्याला जन्मापासून ओळखते. तो चेहरा मी बघितला. आधी तो असा उजळला, असा उजळला, आणि तो स्टुलावरून उठायला लागला. अर्धा उठला. मग त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. तो तसाच अर्धवट थांबला, आणि पुन्हा खाली बसला. त्याने उजवा हात पट्ट्यांवरून उचलला, माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

लोकांना ते फार आवडलं. समीक्षकाने लगेच काहीतरी टिपून घेतलं. मी खाली बसले. हात मांडीवर ठेवले. दिवे गेले.

घरी मी आधी आले, तो उशिरा आला, संचालकांबरोबर चहा घेऊन. मी गॅससमोर उभी होते. बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. तो काही वेळ दारात घुटमळला. मग त्याने खिडकी लावली. पडदा ओढला. खोलीच्या मधोमध, त्याच काळ्या कोटात, पाय जुळवून ताठ उभा राहिला.

‘‘ताई, आता वाजव ना,’’ तो म्हणाला.

काय करणार? वाटलं होतं चांगलं फाडून खावं याला. पण एवढा मोठा बाप्या पाठ ताठ करून, डोळे मिटून उभा होता. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि वाजवायला लागले. तो वाकला. पुन्हा वाकला. कोपऱ्यातल्या कपाटाकडे वळून वाकला, सिंककडे वळून वाकला. त्याच्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. मलाही हुंदका आला, आणि मी आणखी जोरात वाजवायला लागले.

वर कुणीतरी खुर्ची सरकवली.

बाळ्याने पटकन डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले.

‘‘हळू गं, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘वर ऐकू जाईल.’’